फोनवर दिसणारी शिल्लक आणि हातातून गेलेले चेक

निफाड तालुक्यातल्या एका मुलीने विचारलंय. वय २४, अंबडच्या एमआयडीसीत पहिलीच नोकरी, इंदिरानगरला भाड्याने खोली ठरवलीय. आजवर सगळे पैसे फोनवरूनच दिले-घेतले, चेक कधी लिहिला नाही. आता घरमालक अकरा महिन्यांच्या करारासाठी पुढच्या तारखांचे अकरा चेक मागतायत, शिवाय अनामत म्हणून सही केलेला एक कोरा. कंपनीला पगारासाठी रद्द केलेला चेक हवाय. आणि गावी वडिलांना द्राक्षाच्या व्यापाऱ्याने दिलेला चेक आठ दिवसांपूर्वी परत आलाय. चेक लिहायचा कसा, कोरा द्यायचा का आणि खातं सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असे तिचे प्रश्न आहेत.

मी ३४ वर्षं बँकेत होते, सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यातच झाली. शेवटची ११ वर्षं चेक पास करण्याच्या टेबलावर काढली. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते.

आधी वडिलांच्या चेकचं बोलते, कारण तिथे दिवस मोजले जातायत.

चेक परत आला की बँक त्याच्यासोबत एक चिठ्ठी देते, रिटर्न मेमो. त्यावर दोन गोष्टी बघ: तारीख आणि कारण. कारण ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असं असेल, तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) मधलं कलम १३८ लागतं. चेक न वटणं हा या कलमाखाली १९८९ पासून गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हा कायदा मुदतीच्या बाबतीत फार कडक आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस. त्यातही नाही दिले, तर त्यापुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तुमचे आठ दिवस गेलेत. या आठवड्यातच वकिलाकडे जाऊन नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, आणि नोटिशीत चेकचीच रक्कम नेमकी मागा.

व्यापारी आता काय म्हणेल ते मी सांगते: “नाना, होळीनंतर परत टाका, नक्की वटेल.” चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने असते. पूर्वी सहा महिने होती, १ एप्रिल २०१२ पासून तीन झाली. मुदतीत तो पुन्हा भरता येतो हे खरं, पण या ‘परत टाका’मध्येच लोकांच्या मुदती संपतात. हंगाम सरतो, माल खपतो, फोन उचलणं बंद होतं. परत टाकायचाच असेल, तर वकिलाला विचारून, मुदत किती उरली ते बघून टाका. आणि मूळ चेक आणि मेमो पैसे खात्यात जमा होईपर्यंत कोणाच्याही हातात द्यायचा नाही. “द्या इकडे, दुसरा लिहून देतो” म्हणून जुना फाडून टाकल्याचे प्रकार मी पाहिलेत.

व्यापारी परराज्यातला आहे, तिकडे कुठे कोर्टात जायचं, या धास्तीने आपले शेतकरी गप्प बसतात. २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ज्याला पैसे यायचे त्याचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या कोर्टात खटला चालतो. वडिलांचं खातं निफाडच्या शाखेत असेल, तर निफाडला. २०१८ पासून खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला कोर्ट सांगू शकतं. वजनकाट्याच्या पावत्या, गाडीचा नंबर, फोनवरचे मेसेज, चेकच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स, सगळं एका पिशवीत घालून ठेवा. पुढच्या वर्षी सौदा करताना दोन लाखांच्या वरची रक्कम आरटीजीएसने, म्हणजे बँकेतून थेट खात्यात मागा. ती सोय आता चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. गाडीला ताडपत्री बांधायच्या आधी पैसे खात्यात दिसले पाहिजेत, असं बोलायला संकोच करू नका. वर्षभराच्या छाटण्या, फवारण्या त्या गाडीत असतात.

आता तुझ्या घरमालकाकडे येऊ. सही केलेला कोरा चेक देऊ नकोस. कोऱ्या चेकवर सही करून तो स्वखुशीने दुसऱ्याच्या हातात दिला, की त्यात रक्कम भरायचा अधिकार तू त्याला दिलास असं कायदा धरून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं: बाकीचा मजकूर दुसऱ्याने भरला, एवढ्यावर सही करणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. “मी तर विश्वासाने दिला होता” हे तिथे सिद्ध करत बसावं लागतं, आणि ते फार अवघड जातं. घरमालक सज्जन असतील, तरी त्यांच्या कपाटातला चेक उद्या कोणाच्या हाती लागेल हे त्यांनाही माहीत नाही. अनामत रोखीने न देता खात्यातून दे, म्हणजे नोंद राहते. त्यांचा अगदीच आग्रह असेल, तर नाव, रक्कम, रेघा सगळं भरून दे आणि सोबतच्या कागदावर लिही की अमुक नंबरचा चेक अमुक करारापोटी अनामत म्हणून दिला, खोली सोडताना परत करायचा. त्या कागदावर त्यांची सही घे.

अकरा चेक द्यायला हरकत नाही, पण प्रत्येकावर तारीख, नाव, रक्कम पूर्ण लिहून. पुढची तारीख असलेला चेक त्या तारखेआधी बँकेत भरला, तर तो वटत नाही, परत जातो. अकराही नंबर आणि तारखा एका कागदावर उतरवून ‘मिळाले’ अशी त्यांची सही घ्यायला विसरू नकोस. खोली मध्येच सोडलीस, तर उरलेले चेक त्या कागदाप्रमाणे मोजून परत घे.

चेक लिहायला बसशील तेव्हा टेबल आणि साधं, पक्क्या शाईचं पेन घे, निळं नाहीतर काळं. खोडता येणारी जेल पेनं मिळतात, ती चेकला लावू नकोस. आपल्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तेव्हा कागदाची किंमत कशात असते हे नाशिककराला नव्याने सांगायला नको. चेकचं पानही असंच जपून छापलेलं असतं. उजेडात धरून बघ, कागदाच्या आत ‘सीटीएस-इंडिया’ असं जलचिन्ह दिसेल. रंगीत झेरॉक्स काढली, तर तिच्यावर ‘व्हॉइड’ असा शब्द उमटतो. खालच्या पांढऱ्या पट्टीवर आकडे असतात. त्यातला पहिला सहा आकडी तुझ्या चेकचा नंबर. त्यानंतरच्या नऊ आकड्यांतले पहिले तीन शहराचे, नाशिकचे ४२२, अगदी आपल्या पिनकोडसारखे. त्या पट्टीवर पेन टेकवायचं नाही, शिक्का मारायचा नाही, तिथून घडी घालायची नाही.

तारीख चौकोनांत, दिवस-महिना-वर्ष. मग नाव. ज्याला द्यायचा त्याचं खात्यावर जसं नाव आहे अगदी तसं. गावात सगळे ‘अण्णा’ म्हणत असले, तरी बँकेला अण्णा माहीत नसतात. नाव लिहून झालं की उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढ. नावानंतर ‘किंवा धारकास’ अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात, ते खोड. न खोडता, रेघा न मारता दिलेला चेक ज्याच्या हातात पडेल त्याला काउंटरवर रोख मिळू शकते. डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा मार आणि त्यांच्यात ‘अकाउंट पेयी ओन्ली’ लिही. मग पैसे त्या माणसाच्या खात्यातच जातात, आणि कोणाकडे गेले हे शोधता येतं.

आता अक्षरी रक्कम, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

चेक मराठीत लिहिता येतो. बँक नाही म्हणू शकत नाही. पण मराठी आकड्यांची एक खोड आहे. एकदा दिंडोरीकडच्या एका खातेदाराचा ‘एकतीस हजार’ रुपयांचा चेक माझ्यासमोर आला. सही जुळत होती, शिल्लक होती. पण ‘एक’ आणि ‘तीस’ यांच्यावरची शिरोरेघ जोडलेली नव्हती आणि ‘तीस’ची शाई किंचित फिकी होती. अंकांच्या चौकटीत ३ आणि १ यांचं वळण निरनिराळं होतं. मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, “मी तर एक हजाराचा दिला होता, ताई.” त्यांनी ‘एक’ लिहून बोटभर जागा सोडून ‘हजार’ लिहिलं होतं. त्या जागेत कोणीतरी ‘तीस’ बसवलं आणि चौकटीत १ च्या आधी ३ काढला. तेवढ्याच जागेत ‘वीस’ बसला असता, ‘सष्ट’ही बसला असता. तो चेक मी परत केला. म्हणून अक्षरी रक्कम डावीकडे अगदी कडेपासून सुरू कर, शब्द एकमेकांना चिकटून लिही, शेवटी ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहून पुढे रेघ ओढ. अंकांच्या चौकटीत रुपयाच्या चिन्हाला लागूनच पहिला आकडा आला पाहिजे आणि शेवटी ‘/-’ हवं. ‘पाच हजार’ ओळीच्या मधोमध लिहिलंस, तर आधीच्या मोकळ्या जागेत ‘एक लाख’ सहज मावतात.

आणि बोलण्यातले सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे चेकवर आणायचे नाहीत. साडेबारा हजार म्हणजे ‘बारा हजार पाचशे’, दीड लाख म्हणजे ‘एक लाख पन्नास हजार’. अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला, तर कायद्याने अक्षरी खरी, पण प्रत्यक्षात बँक असा चेक बहुतेक वेळा परतच करते. खाडाखोड झाली तर शेजारी सही करून भागायचं ते दिवस गेले. आता चेक गावोगाव फिरत नाही. तो जिथे भरला तिथेच थांबतो, पुढे जातो तो त्याचा फोटो. फोटोत दुरुस्ती कोणाची, हे समोरच्या अधिकाऱ्याला कळायचं कसं? नाव किंवा रकमेत चूक झाली की ते पान रद्द कर आणि नवं घे.

सही सर्वांत शेवटी, नमुन्यात आहे तशीच. खातं उघडताना मराठीत सही केली आणि ऑफिसात इंग्रजीची सवय लागली, अशाने कितीतरी तरुण मुलांचे चेक परत जाताना पाहिलेत. ५० हजार किंवा त्याहून मोठ्या रकमेचा चेक दिलास, तर बँकेच्या अ‍ॅपवर पॉझिटिव्ह पेमध्ये त्याचा नंबर, तारीख, नाव, रक्कम आधीच कळवून ठेव. २०२१ पासून ही सोय आहे. पाच लाखांच्या पुढे ती सक्तीची करायची मुभा बँकांना आहे.

कंपनीला द्यायच्या चेकवर दोन मोठ्या रेघा मारून मधोमध ‘रद्द’ लिही, आणि सही करू नकोस. त्यांना त्यावरचं नाव, खाते क्रमांक आणि शाखेचा कोड एवढंच हवं असतं.

आता खातं सांभाळण्याबद्दल. माझं म्हणणं एकच आहे: फोनवर जी शिल्लक दिसते ती सगळी तुझी नसते. हातातून गेलेले आणि अजून न वटलेले चेक तिच्यात मोजलेले नसतात. फोनवरून पैसे पाठवले की आकडा लगेच खाली येतो, डोळ्यांना दिसतं. चेक लिहिल्यावर आकडा जागचा हलत नाही, आणि तुझ्या पिढीला तिथेच चकवा बसतो.

माझ्या घरात हे घडलेलं आहे. मुलगी शाळेत होती, तिच्या फीचा चेक मी आमच्या जोडखात्यातून दिला. त्याच आठवड्यात यजमानांनी एटीएमवर शिल्लक बघून गाडीच्या दुरुस्तीसाठी पैसे काढले. मी बोलले नव्हते, त्यांनी विचारलं नव्हतं. चेक परत आला. शाळेतून फोन आला तेव्हा मी बँकेत दुसऱ्यांचे चेक पास करत बसले होते. मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी फी आणि दंड भरून आले आणि येताना मेन रोडवरून एक शंभरपानी वही घेतली. ती वही आजही चालू आहे. म्हणजे तशी सातवी वही आहे.

वहीत तारीख, चेक नंबर, कोणाला, किती, आणि उरले किती. चेक लिहायच्या आधी वहीत ओळ लिहायची, नंतर चेकला हात लावायचा. समज ३ तारखेला तुझ्या फोनवर ३१,२४० रुपये दिसतायत. भाड्याचा ९,५०० चा चेक ५ तारखेचा आहे. स्कूटीचा हप्ता ३,१५० रुपये ७ तारखेला आपोआप कापला जाणार. विम्याचा ४,८६२ चा चेक तू परवाच दिलास, तो अजून आलेला नाही. वहीत तुझी शिल्लक १३,७२८. मैत्रिणींबरोबर कॉलेज रोडला खरेदीला जाताना हा आकडा डोक्यात हवा, फोनवरचा नको. त्यातूनही किमान शिल्लक बाजूला ठेव आणि ती आपली नाहीच असं धर.

पूर्वी लोक म्हणायचे, आज चेक देऊ, वटायला दोन दिवस लागतील, तोवर पगार होईल. आता तसं चालणार नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक भरल्यावर स्कॅन होऊन लगेच पुढे जातात आणि देणाऱ्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवावं लागतं. पैसे खात्यात असतील तेव्हाच चेक लिही. पगार ७ तारखेला होत असेल, तर भाड्याच्या चेकवर १० तारीख घालायला घरमालकांना आत्ताच विनंती कर, बहुतेक ऐकतात. परत गेलेल्या चेकचा दंड तुला बसतो आणि त्यावर जीएसटीही.

महिन्यातून एकदा पासबुक भरून घे नाहीतर स्टेटमेंट काढ, आणि वहीशेजारी ठेवून एकेक ओळीवर पेन्सिलीने टिक कर. वहीत असून पासबुकात नाही, तो चेक अजून बाहेर आहे. पासबुकात असून वहीत नाही, ते बहुधा एसएमएसचे, कार्डाचे पैसे किंवा तिमाही व्याज. ओळखू न येणारी रक्कम गेलेली दिसली, तर दुसऱ्या दिवसावर टाकू नकोस. बँकेला लगेच कळव आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर. तुझी काही चूक नसताना झालेला असा व्यवहार बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर नुकसान तुझ्यावर पडत नाही. दोन्हीकडचा मेळ बसेना आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ४,८६२ ऐवजी ४,६८२ लिहिलं गेलं, फरक १८०. ही युक्ती मला पहिल्या वर्षी आमच्या हेडकॅशियरनी शिकवली.

चेकबुक हातात आलं की काउंटर सोडायच्या आधी पानं मोज. ते आणि एटीएम कार्ड एकाच पर्समध्ये ठेवू नकोस. आधीच सही करून ठेवलेलं एकही पान त्यात नको. पान हरवलं तर लगेच स्टॉप पेमेंट कर, म्हणजे त्या नंबरच्या चेकचे पैसे देऊ नका असं बँकेला कळव. पण देणं टाळायला स्टॉप पेमेंट केलंस, तर कलम १३८ मधून सुटका होत नाही. खात्याला नॉमिनी आहे का तेही बघ, नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. आणि घरचे पैसे पतसंस्थेत असतील, तर वडिलांना एवढं सांग की पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, त्यात सहकारी बँका येतात, पतसंस्था येत नाहीत.

दुसऱ्याने दिलेला चेक भरताना मागे तुझा खाते क्रमांक आणि फोन लिही. पेटीत टाकायलाच हवा असं नाही. काउंटरवर दिलास आणि पोच मागितलीस, तर बँकेला ती शिक्का मारून द्यावीच लागते. निफाडला शनिवारी जाऊन वडिलांच्या मेमोचं बघणार असशील, तर दुसरा किंवा चौथा शनिवार नाही ना तेवढं आधी बघ. त्या दिवशी बँक बंद असते, आणि तुमच्या तीस दिवसांतला एक दिवस जातो.